डान्सहॉल आणि हिप हॉप एकत्र आणणारा पहिला कोण?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: महाविद्यालयाच्या कम्युनिटी रेडिओसाठी आपल्याला डान्सहॉल रेगे (जमैकातले, ठेक्यावर तालात शब्द फेकण्याचे नाचाचे संगीत) आणि हिप हॉप (न्यूयॉर्कमधून आलेले रॅपचे संगीत) यांच्या मिलाफावर एका तासाचा कार्यक्रम करायचा आहे. शोधाशोध करताना एके ठिकाणी शाइनहेडला, दुसरीकडे केआरएस-वनला, तिसरीकडे सुपर कॅटला आणि काही ठिकाणी थेट कूल हर्कला या मिलाफाचा जनक म्हटलेले आपण वाचले. तर यांतला खरा पहिला कोण, आणि सुपर कॅट भारतीय वंशाचा आहे हे खरे का, असे आपण विचारले आहे. मी चोवीस वर्षे पुण्या-मुंबईत डीजे म्हणून काम करतो आहे, आणि त्यातली बरीच वर्षे याच दोन संगीतप्रकारांच्या तबकड्या जमवण्यात आणि एकमेकींशी जुळवून वाजवण्यात गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या समजुतीप्रमाणे अडचण नावांची नसून प्रश्नाची आहे. 'पहिला कोण' या एका प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न मिसळलेले आहेत. जमैकातली साउंड सिस्टिमची, म्हणजे मोठमोठे स्पीकर लावून तबकड्या वाजवणाऱ्या फिरत्या जथ्याची, रीत न्यूयॉर्कला कोणी नेली, हा एक. एकाच गळ्यातून जमैकन टोस्टिंग (तबकडीच्या ठेक्यावर तालात बोलणे) आणि अमेरिकन रॅप या दोन्ही तितक्याच सहजतेने कोणी काढल्या, हा दुसरा. आणि दोन्हींचे ठेके एका तबकडीवर असे कोणी बसवले की ती तबकडी जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनलाही चालावी आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनलाही, हा तिसरा. यांपैकी कोणता प्रश्न आपल्याला महत्त्वाचा वाटतो यावर उत्तरातले नाव अवलंबून आहे. तरीही मला बाजू घ्यायला सांगितली तर मी दुसऱ्या प्रश्नाची घेईन. मिलाफ म्हणावा असा मिलाफ १९८६ ते १९८८ या वर्षांत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, आणि तो अशा लोकांनी केला ज्यांच्या कानांवर दोन्ही बोली घराबाहेर पडल्या पडल्या येत होत्या. असे मी का म्हणतो ते पुढे सांगतो.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू, कारण तो न मिटवल्यामुळे कितीतरी लेखांत चुका झालेल्या आहेत. जमैकात 'डीजे' म्हणजे माइकवर बोलणारा, तालात शब्द फेकणारा कलाकार. तबकडी लावणाऱ्याला तिथे 'सिलेक्टर' म्हणतात. अमेरिकेत तबकड्या वाजवणारा तो डीजे, आणि बोलणारा तो एमसी किंवा रॅपर. त्यामुळे यलोमॅन किंवा सुपर कॅट या जमैकन कलाकारांना तिथला माणूस डीजे म्हणतो तेव्हा ते तबकड्या वाजवत होते असा अर्थ होत नाही. आपल्या कार्यक्रमात हे पहिल्याच मिनिटात स्पष्ट करावे, नाहीतर श्रोता पुढे सतत गोंधळेल.

आता कूल हर्कविषयी. त्याचे खरे नाव क्लाइव्ह कॅम्पबेल. किंग्स्टनमध्ये जन्मलेला हा मुलगा १९६७ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ब्राँक्सला आला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत त्याच्या बहिणीने, सिंडीने, शाळा सुरू होण्याआधी एक नाचाची पार्टी ठेवली आणि तबकड्या वाजवण्याचे काम भावावर सोपवले. हिप हॉपचा आरंभ म्हणून याच तारखेकडे बोट दाखवले जाते. हर्कने किंग्स्टनहून काय आणले, तर प्रचंड स्पीकर, छातीत घुमणारा बेस आणि गाण्यावर माइकमधून बोलत राहण्याची रीत. किंग्स्टनमध्ये यू-रॉय हेच करत होता. १९७० मध्ये ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत त्याने जुन्या गाण्यांच्या ठेक्यावर शब्द बोलून केलेल्या तबकड्या एकाच वेळी जमैकाच्या यादीत वरचे तीन क्रमांक व्यापून बसल्या होत्या. त्याच्याही आधी काउंट माचुकीसारखे लोक हे करत होते, आणि ते अमेरिकन रेडिओवरच्या कृष्णवर्णीय निवेदकांची चटपटीत बोली ऐकून शिकले होते. म्हणजे ही देवाणघेवाण हिप हॉपच्या जन्माआधीपासून दोन्ही दिशांनी चालू होती.

पण हर्कने एक गोष्ट जाणूनबुजून बाजूला ठेवली, ती म्हणजे रेगे. ब्राँक्सच्या पोरांना रेगेवर नाचायचे नव्हते, हे त्याने स्वतःच मुलाखतींमधून सांगितले आहे. त्यामुळे त्याने जेम्स ब्राउनचे फंक वाजवले, आणि गाण्यातला नुसता ढोलांचा तुकडा दोन तबकड्यांवरून आलटून पालटून लांबवला. भांडे जमैकाचे आणि त्यात शिजवलेला पदार्थ अमेरिकेचा, असे ते काम होते. त्याचे ऋण फार मोठे आहे आणि ते मी कधीच कमी लेखणार नाही, पण डान्सहॉल आणि हिप हॉप यांचा मिलाफ त्याने केला असे म्हणणे बरोबर नाही. डान्सहॉल हा प्रकार तेव्हा जन्मलाही नव्हता. तो आकाराला आला १९८० च्या आसपास.

दोन्हीकडच्या तबकड्या हाताळताना मला जाणवलेले एक साम्य इथे सांगतो, कारण ते फारसे कोणी सांगत नाही. जमैकाच्या सात इंची तबकडीच्या पहिल्या बाजूला गाणे असते आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचे 'व्हर्जन', म्हणजे आवाज काढून टाकलेला नुसता ठेका आणि बेस. हे व्हर्जन असते ते दुसऱ्या कोणीतरी त्यावर बोलावे म्हणून. हिप हॉपच्या बारा इंची तबकडीवर दहा-पंधरा वर्षांनी तीच सोय दिसते: एक मूळ गाणे, एक नुसता ठेका, आणि पुष्कळदा एक नुसता आवाज. दोन्ही परंपरांमध्ये तबकडी हा कच्चा माल आहे आणि पुढच्या माणसाने तिच्यात भर घालावी अशी अपेक्षाच असते. एकच ठेका, ज्याला जमैकात 'रिडिम' म्हणतात, शंभर कलाकार वापरतात आणि त्याला कोणी चोरी म्हणत नाही. ज्या दोन संगीतांची कामाची पद्धतच इतकी सारखी आहे, ती जवळ येण्यासाठी फार मोठ्या प्रतिभेची गरज नव्हती. गरज होती ती एका तांत्रिक जुळणीची.

ती जुळणी १९८५ मध्ये झाली. तोवर रेगेचा ठेका जिवंत ढोलांवर, 'वन ड्रॉप' पद्धतीने वाजत असे. त्यात पहिला ठोका रिकामा सोडून तिसऱ्यावर भर असतो, आणि तो हिप हॉपच्या पहिल्याच ठोक्यावर आदळणाऱ्या ढोलाशी सहजी जमत नाही. १९८५ मध्ये वेन स्मिथ या गायकाने आणि नोएल डेव्ही या त्याच्या मित्राने कॅसिओ एमटी-४० या लहानशा कीबोर्डात आधीच भरून दिलेला एक ठेका शोधला, किंग जॅमी या निर्मात्याने त्याची गती कमी करून तो तबकडीवर आणला, आणि 'अंडर मी स्लेंग टेंग' तयार झाले. त्या वर्षीच्या २३ फेब्रुवारीला किंग्स्टनच्या वॉल्थम पार्क रोडवर दोन साउंड सिस्टिमच्या सामन्यात ते प्रथम वाजले आणि त्यानंतर काही महिन्यांतच जमैकाचे संगीत यंत्रावर आले. तो ठेका जपानमध्ये हिरोको ओकुदा या तरुण संगीतकार स्त्रीने कॅसिओतल्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत तयार केलेला होता, हे मला प्रत्येक वेळी सांगावेसे वाटते. ब्राँक्सची पोरे तर आधीपासूनच ड्रम मशीनवर रॅप करत होती. आता दोन्हीकडे यंत्र आले, दोन्हींचा आवाज कोरडा आणि टणक झाला, आणि गतीही बरीचशी एकाच पट्ट्यात, मिनिटाला साधारण ८५ ते १०५ ठोक्यांच्या आसपास, येऊन बसली.

ठेक्यांची ही जुळणी तबल्याच्या भाषेत सांगितली तर आपल्या श्रोत्यांना लगेच कळेल. केरव्याच्या आठ मात्रा डोळ्यांपुढे आणा. १९८५ नंतरच्या बऱ्याच डान्सहॉल रिडिममध्ये या आठ मात्रांचे तीन, तीन आणि दोन असे भाग पडतात, म्हणजे आघात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर येतात. हिप हॉपच्या साध्या ठेक्यात त्याच आठ मात्रांमध्ये जड ढोल पहिल्या मात्रेवर आणि कडक स्नेअर (खणखणीत आवाजाचा लहान ढोल) पाचव्या मात्रेवर, म्हणजे केरव्याची खाली जिथे येते तिथे, पडतो. आता हे दोन्ही ठेके एकमेकांवर ठेवून टाळीने मोजून पाहा. समेवर दोघे एकत्र येतात आणि पुढे एकमेकांच्या मोकळ्या जागांत बसतात: एक, चार, पाच, सात. कोणीही कोणाच्या पायावर पाय देत नाही. मिलाफ टिकला तो या कारणाने. नुसती फॅशन असती तर दोन वर्षांत संपली असती.

अर्थात गती आणि मात्रा जुळल्या म्हणजे काम झाले असे नाही, आणि हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात मी एका कार्यक्रमात केवळ मिनिटाचे ठोके मोजून एका रॅप गाण्याला डान्सहॉलचे गाणे जोडले. आकडा तंतोतंत जुळला होता, तरी नाचणारे थांबले. नंतर घरी ती जोडी पुन्हा पुन्हा ऐकल्यावर कळले की रॅपर ओळ संपवताना ठोक्याच्या जरा मागे राहत होता आणि जमैकन गायक ठोक्याच्या पुढे धावत होता. ठेके एक होते, पण बोलण्याची लय दोन दिशांना ओढत होती. तेव्हापासून या विषयात मी कोणाचेही मोठेपण मोजताना ठेक्याआधी जिभेकडे कान देतो. ज्याने ही दोन्ही प्रकारची लय एका जिभेवर आणली, तो माझ्या लेखी खरा प्रवर्तक.

आणि इथे ब्राँक्सचा रॅपर केआरएस-वन येतो. बूगी डाउन प्रॉडक्शन्स या त्याच्या आणि स्कॉट ला रॉकच्या जोडीचा 'क्रिमिनल माइंडेड' हा अल्बम १९८७ चा. दोघांची ओळख ब्राँक्समधल्या बेघरांच्या आश्रयगृहात झाली. एक तिथे राहत होता आणि दुसरा तिथे समुपदेशक होता. या अल्बममधले 'द ब्रिज इज ओव्हर' आपण हेडफोन लावून एकदा शांतपणे ऐकावे. त्यात जवळजवळ काहीच नाही: ड्रम मशीनचा उघडा ठेका आणि पियानोच्या खालच्या पट्टीत वाजणारी एक ठसठशीत ओळ. ती ओळ आली आहे सुपर कॅटच्या 'बूप्स' या जमैकन गाण्याच्या बेसवरून, जे त्या वेळी अगदी ताजे होते. त्यावर केआरएस रॅप सुरू करतो, आणि बोलता बोलता स्वर ताणून गाऊ लागतो, शब्दांची टोके जमैकन ढंगाने वळवतो, पुन्हा सरळ ब्राँक्सच्या इंग्रजीवर येतो. ही ये-जा एका ओळीच्या आतही होते. कुठेही सांधा दिसत नाही. त्याच अल्बममध्ये दुसऱ्या एका गाण्यात यलोमॅनच्या १९८२ च्या 'झुंगुझुंगुगुझुंगुझेंग'ची चाल आहे, आणि ती चाल पुढे तीस-तीस वर्षे हिप हॉपमध्ये एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी फिरत राहिली.

या गाण्याचा विषयही ध्यानात घ्यावा. ते न्यूयॉर्कच्याच क्वीन्सब्रिज वस्तीतल्या एमसी शॅन या रॅपरला आणि त्याच्या मंडळींना दिलेले उत्तर आहे. हिप हॉप कोणत्या वस्तीचे, यावरून तो वाद पेटला होता. किंग्स्टनमध्ये दोन साउंड सिस्टिम एकमेकींसमोर उभ्या राहून रात्रभर सामना करतात, त्याला 'क्लॅश' म्हणतात, आणि त्यात समोरच्याचे नाव घेऊन त्याला संपवल्याची घोषणा करणारी खास तबकडी वाजवतात. केआरएसने चाल घेतली, उच्चार घेतला, आणि त्यांच्याबरोबर लढण्याची ही संपूर्ण रीतही घेतली. नुसते जमैकन शब्द पेरणे आणि जमैकन पद्धतीने विचार करणे यांतला फरक इथे ऐकू येतो. स्कॉट ला रॉकचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोळीबारात मृत्यू झाला. अल्बम येऊन काही महिनेच झाले होते. केआरएसने पुढे जस्ट-आइस या दुसऱ्या ब्राँक्सच्या रॅपरचा 'कूल अँड डेडली' हा अल्बम त्याच वर्षी केला, त्यातही हाच धागा आहे आणि तो फार दुर्लक्षित राहिला आहे.

आता शाइनहेड. त्याचे खरे नाव एडमंड कार्ल ऐकन. इंग्लंडमध्ये जन्म, काही बालपण जमैकात, मग ब्राँक्स. केआरएस रॅपकडून डान्सहॉलकडे आला, हा उलट दिशेने आला. आफ्रिकन लव्ह या न्यूयॉर्कमधल्या साउंड सिस्टिमवर तो तयार झाला, आणि १९८६ च्या 'रफ अँड रगेड' या अल्बममध्ये तो गातो, टोस्ट करतो, रॅप करतो आणि सुंदर शीळही वाजवतो. १९८८ मध्ये इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीकडून त्याचा 'युनिटी' आला, आणि त्याच्या शीर्षकगीतामागे रन-डीएमसी या रॅप गटाच्या जॅम मास्टर जेचा हात होता. शाइनहेडला काहीजण फार गोड म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. त्याच्या गाण्यात रेगेचा गायक, साउंड सिस्टिमवरचा डीजे आणि न्यूयॉर्कचा रॅपर असे तिघे एका माणसात आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना त्याला श्वास घ्यायलाही थांबावे लागत नाही. आपल्याला कुठे त्याला 'पहिला' म्हटलेले आढळले असेल तर ते लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा हेच असावे, आणि तसे म्हणण्यास आधार आहे.

मग १९८५ मध्ये रन-डीएमसीने यलोमॅनला बरोबर घेऊन 'रूट्स, रॅप, रेगे' केले, त्याचे काय, असे आपण विचाराल. कालक्रमाने ते आधीचे आहे, हे मान्य. त्याच वर्षी फॅट बॉइज या त्रिकुटानेही रेगेवर एक गाणे केले होते. पण ही गाणी मी पाहुणचार समजतो: यजमान आपल्या जागी, पाहुणा आपल्या जागी, दोघांनी प्रेमाने एका ताटात जेवले, आणि पाहुणा घरी गेला. रन-डीएमसीची त्यानंतरची गाणी या भेटीने बदललेली दिसत नाहीत. आपल्या कार्यक्रमात ते गाणे जरूर वाजवावे, कारण तेव्हाच्या सर्वांत मोठ्या रॅप गटाने यलोमॅनला बरोबरीचा मान दिला ही गोष्ट लहान नव्हती. मात्र त्याला मिलाफाचा आरंभ म्हणू नये.

लंडनकडे इथे फार वेळ देता येणार नाही, पण तिकडचे नाव वगळले तर अन्याय होईल. तिथल्या जमैकन कुटुंबांतल्या मुलांकडे स्वतःच्या साउंड सिस्टिम होत्या, सॅक्सनसारख्या साउंड सिस्टिमवर अतिवेगाने बोलण्याची त्यांची स्वतंत्र पद्धत होती. अॅशर डी आणि डॅडी फ्रेडी या जोडीने 'रॅगमफिन हिप हॉप' हे नावच तबकडीवर छापून टाकले, तो अल्बम १९८८ चा. लंडन पॉसेचा 'गँगस्टर क्रॉनिकल' १९९० मध्ये आला आणि त्यात लंडनचा गल्लीतला उच्चार व जमैकन उच्चार एकमेकांत असे विरघळले की पुढच्या तीस वर्षांच्या ब्रिटिश रॅपची बोली त्यातून निघाली, असे मी मानतो.

इथवरचे थोडक्यात असे: रीत हर्कने नेली, ठेक्यांची जुळणी १९८५ च्या यंत्रांनी शक्य केली, आणि दोन बोली एका जिभेवर आणल्या केआरएस-वन आणि शाइनहेड यांनी. राहिला तिसरा प्रश्न, दोन्ही गावांत चालणाऱ्या तबकडीचा, आणि तिथे नाव येते सुपर कॅटचे.

सुपर कॅट म्हणजे विल्यम मराघ, किंग्स्टनचा. 'बूप्स'मुळे तो जमैकात गाजलेला होताच. १९९२ मध्ये कोलंबिया या मोठ्या कंपनीने त्याचा 'डॉन दादा' हा अल्बम काढला. माझ्याकडे त्यातल्या 'घेटो रेड हॉट'ची बारा इंची तबकडी आहे, आणि नव्या मुलांना हा विषय शिकवायचा असेल तर मी तीच वापरतो. एका रूपात जमैकन रिडिम आहे; दुसऱ्यात सलाम रेमी या न्यूयॉर्कच्या तरुण निर्मात्याने खाली हिप हॉपचा जड ठेका घातला आहे. आवाज तोच, शब्द तेच. जमैकन रिडिमवर तो घोड्यावर स्वार झाल्यासारखा वाटतो, ठेका त्याला पुढे ढकलतो. हिप हॉपच्या ठेक्यावर जमीन संथ आणि जड होते, आणि तोच आवाज अचानक धमकीसारखा वाटू लागतो, कारण आता त्याच्या शब्दांमध्ये मोकळी जागा ऐकू येते. सुपर कॅटने काहीही न बदलता तो दोन्हीकडे बसतो, याचे कारण त्याच्या बोलण्यात मुळातच दोन्हीकडची शिस्त आहे: तो ठोक्याच्या पुढेही धावत नाही आणि मागेही रेंगाळत नाही, मधोमध उभा राहतो. माझ्या त्या जुन्या चुकीचे उत्तर मला या तबकडीत मिळाले.

त्यानंतर वाट रुंद झाली. १९९३ मध्ये त्याच्याच 'डॉली माय बेबी'च्या नव्या रूपात गायिका मेरी जे. ब्लाइज आणि तोवर फारसा कोणाला माहीत नसलेला रॅपर नोटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगी होते, बिगीची आई जमैकाहून आलेली, म्हणजे त्याच्याही घरात ती बोली होती. जमैकातल्या मँडेव्हिलमध्ये जन्मलेला रॅपर हेवी डी सुपर कॅटबरोबर गायला तो याच काळात. जमैकन डीजे शब्बा रँक्सने १९९१ मध्ये केआरएस-वनबरोबर 'द जॅम' केले आणि पुढच्या वर्षी रेगेचा ग्रॅमी पुरस्कार मिळवला. डान्सहॉलच्या डीजेला तो मिळाला नव्हता तोवर. सलाम रेमीनेच केलेले इनी कमोझीचे 'हिअर कम्स द हॉटस्टेपर' डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. अनेकांना मिलाफाची सुरुवात इथे वाटते, कारण जगाने तो इथे ऐकला.

एका नावाविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. सिस्टर नॅन्सी या जमैकन डीजे स्त्रीचे 'बॅम बॅम' १९८२ मधले, त्याहून जुन्या 'स्टॅलॅग' या रिडिमवरचे. तिचा आवाज हिप हॉपने पुन्हा पुन्हा उचलला. मेन सोर्स या रॅप गटाने १९९१ मध्ये, पुढे रॅपर-गायिका लॉरिन हिलने तिची चाल १९९८ मध्ये घेतली, आणि ती मालिका आजही चालू आहे. या गाण्याचा मोबदला तिला तीस वर्षांहून अधिक काळ मिळाला नाही; २०१४ नंतर, कायद्याचा आधार घेतल्यावर, तिला तिचा हक्काचा वाटा मिळाला. एकाच रिडिमवर शंभर जणांनी बोलावे ही पद्धत मी वर कौतुकाने सांगितली, पण त्या पद्धतीत पैसा निर्मात्याकडे थांबतो आणि गाणारी रिकाम्या हाताने घरी जाते, ही तिची दुसरी बाजू आहे. आपल्या तासाभरात तिला तीन मिनिटे द्या आणि नाव दोनदा उच्चारा.

कार्यक्रमाची रचना आपल्या श्रोत्यांवर ठरेल. रॅप ऐकणारी मुले असतील तर 'द ब्रिज इज ओव्हर'पासून सुरू करून मागे 'बूप्स'कडे जावे, म्हणजे ओळखीच्या गोष्टीचे मूळ सापडल्याचा आनंद त्यांना मिळेल. रेगे म्हणजे फक्त बॉब मार्ली असे मानणारे असतील तर यू-रॉयपासून सरळ कालक्रमाने यावे. दोन्ही वेळी 'घेटो रेड हॉट'ची दोन रूपे एकापाठोपाठ एक लावावीत, मध्ये एक शब्दही न बोलता. शक्य असेल तर गाण्यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या प्रती मिळवाव्यात. फोनच्या लहान स्पीकरवर बेस ऐकू येत नाही, आणि बेसशिवाय या संगीताचा अर्धा अर्थ हरवतो.

आता आपला शेवटचा प्रश्न. होय, सुपर कॅट वडिलांकडून भारतीय वंशाचा आहे. १८४५ पासून १९१७ पर्यंत इंग्रजांनी हजारो भारतीयांना मजुरीच्या कराराने जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर नेले. त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. मराघ हे आडनाव 'महाराज' या शब्दाचे जमैकन जिभेवर झालेले रूप आहे. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या आरंभीच्या प्रचारकांपैकी लिओनार्ड हॉवेलनेही १९३० च्या दशकात आपल्या पुस्तिकेवर लेखक म्हणून जे नाव घातले त्यात हाच शब्द आहे. सुपर कॅट स्वतःला 'वाइल्ड अपाचे' म्हणवत असे, आणि बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात वाढलेल्या स्टीव्हन कपूर या पंजाबी मुलाने त्याच्यावरील प्रेमापोटी आपले नाव अपाचे इंडियन ठेवले. त्याचे १९९३ चे 'बूम शॅक-अ-लॅक' मी केबल टीव्हीवर ऐकले तेव्हा मला डान्सहॉल हा शब्दही माहीत नव्हता, आणि आपल्याकडच्या माझ्या वयाच्या अनेकांनी ही बोली पहिल्यांदा त्याच गाण्यातून ऐकली. त्याला कार्यक्रमात घ्यावे का, असा संकोच आपल्या पत्रात दिसला. जरूर घ्या, पण अगदी शेवटी. त्याच्या आधी 'बूप्स'ची वीस सेकंदे पुन्हा वाजवा. खर्जातला तो आवाज आणि ओळीच्या टोकाला दिलेली ती ओढ बर्मिंगहॅमला कुठून पोहोचली, हे श्रोत्यांना निवेदनाशिवाय ऐकू येईल.